आवड कोणाची, निवड कोणाची?

आपल्या समाजातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी एक तक्रार वारंवार ऐकू येते. रेडिओ होता तोवर कानांना वळण होते. सकाळी भक्तिगीत, दुपारी शास्त्रीय गायन, रात्री भावगीत असा दिवसाचा एक सांगीतिक क्रम होता. तो क्रम मोडला आणि तरुण पिढीचा कान बिघडला. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात, लग्नाच्या मांडवात, साहित्यविषयक मेळाव्यांच्या व्यासपीठावर ही तक्रार इतक्या वेळा उच्चारली जाते की ती पडताळून पाहावी असे कोणाला वाटेनासे झाले आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू ती पडताळून पाहण्याचा आहे. माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. ही तक्रार चुकीच्या आरोपीवर ठेवलेली आहे. श्रोत्यांच्या तीन पिढ्यांत आवड बदलली हे खरे. परंतु ऐकवायचे काय, याची निवड त्यांपैकी एकाही पिढीच्या हाती नव्हती. आणि ती निवड जेथे आपल्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या, हाती होती, तेथे आपणही ती लोकांच्या स्वाधीन केली नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडी या गावी एका घराच्या ओसरीवर बसलो असताना हा विचार माझ्या मनात पक्का झाला. भिंतीतल्या फळीवर कापडाने झाकलेला एक जुना रेडिओ होता. घरातील आजोबा त्याविषयी मोठ्या मायेने बोलत होते. या जिल्ह्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला मध्य प्रदेश. त्यामुळे काटा थोडा फिरवला की जळगाव लागे, आणखी फिरवला की इंदूर, रात्री हवा स्वच्छ असली तर गुजराती गाणीही येत. मराठी, हिंदी, गुजराती अशा तीन भाषांची गाणी त्या एका फळीवरून घरभर पसरत. मी सहज विचारले, "आणि तुमच्या भाषेतली गाणी?" आजोबा हसले. "आमची गाणी रेडिओवर कशाला लागतील, गुरुजी? ती आम्ही शेतात म्हणायचो, होळीला म्हणायचो." त्या हसण्यात खंत नव्हती, आणि मला अस्वस्थ केले ते नेमके त्यानेच. आयुष्यभर ऐकणाऱ्या माणसाला आपलेही काही ऐकण्याजोगे आहे, हे कोणी कधी सुचवलेच नव्हते. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातले सुमारे ६९ लोक आदिवासी आहेत, तेथील ही कथा आहे.

आता त्या सुवर्णकाळाकडे वळू. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले; १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्याकडे आले आणि पुढील दहा वर्षे त्यांच्याकडेच राहिले. केसकर मराठी, विद्वान, संगीताचे जाणकार. चित्रपटगीते लोकांची अभिरुची बिघडवतात, असे त्यांचे ठाम मत होते. त्यांच्या काळात आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली. शास्त्रीय संगीताला मानाचे पान मिळाले. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी काटा फिरवला. १९५२ मध्येच रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सयानी यांचा आवाज घराघरांत पोहोचला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' सुरू करून सरकारला चित्रपटगीतांशी तडजोड करावी लागली.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की, आज जे आजोबा नातवाच्या गाण्यांना नाक मुरडतात, ते स्वतः तरुणपणी बिनाका ऐकत होते, आणि तेव्हा त्यांच्या गाण्यांना नाक मुरडणारे एक केंद्रीय मंत्री होते. 'कान बिघडला' हा आरोप प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीवर केला आहे. इतकेच नव्हे, ज्या पेटीच्या सुरांवर आपली अर्धीअधिक उपासनागीते बसलेली आहेत, ती हार्मोनिअम १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर निषिद्ध होती. भारतीय संगीतातील सूक्ष्म स्वर तिच्यातून निघत नाहीत, असे तज्ज्ञांचे मत होते. मत कदाचित बरोबरही असेल. पण गावोगावच्या भजनी मंडळांत, चर्चमध्ये आणि तमाशाच्या फडात वाजणारे वाद्य लोकांच्याच पैशावर चालणाऱ्या नभोवाणीवर वाजू नये, हे ठरवताना त्या लोकांना कोणी विचारले होते काय?

त्या काळाने दिलेले मोठे धन मी नाकारत नाही. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून 'गीतरामायणा'चे प्रसारण सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. वर्षभर आठवड्याला एक नवे गीत. 'भावसरगम', 'आपली आवड' यांसारख्या कार्यक्रमांनी मराठी कानावर खरोखरच उपकार केले. परंतु वडीलधारी मंडळी ज्याला 'अभिरुची' म्हणून आठवतात, ते माझ्या मते वेगळेच काही होते. एका वस्तीत एखादाच रेडिओ असे. तो ठेवायला सरकारी परवाना लागे, त्याचे शुल्क भरावे लागे. ज्याच्याकडे तो असे त्याच्या अंगणात शेजारी जमत. एकच गाणे एकाच वेळी सासू ऐके, सून ऐके, गडी ऐके, मालक ऐके. दुसऱ्या दिवशी विहिरीवर, शेतावर त्याच गाण्याची चर्चा होई. आठवणीत गोड लागते ते हे एकत्र ऐकणे. त्याचे श्रेय आपण गाण्याच्या दर्जाला देऊन बसलो आहोत.

आणखी एक गोष्ट त्या काळी होती. श्रोता पत्र लिहू शकत असे. फर्माईश करणाऱ्याचे नाव आणि त्याच्या गावाचे नाव निवेदक वाचून दाखवत असे. झुमरीतलैया हे बिहारमधील, म्हणजे आजच्या झारखंडमधील, छोटे गाव केवळ या पत्रांमुळे देशभर ठाऊक झाले. ही सोय फार मर्यादित होती. दुसऱ्याने तयार केलेल्या यादीतूनच निवडायचे होते. तरीही 'तू ऐकतोस हे आम्हाला ठाऊक आहे' एवढी पोच तिच्यात होती. लिहिता न येणाऱ्याला मात्र तीही नव्हती. कळसाडीच्या आजोबांनी एकही पत्र पाठवले नाही, कारण ते शाळेत गेले नाहीत.

दुसऱ्या पिढीत मंत्र्याची जागा जाहिरातदाराने घेतली. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झाली. पुढे १९९३ मध्ये महानगरांतील एफएमच्या वेळा खासगी कंपन्यांना दिल्या गेल्या आणि २००१ पासून संपूर्णपणे खासगी एफएम केंद्रे निघाली. मंत्री निदान लोकांना जबाबदार होता; संसदेत त्याला प्रश्न विचारता येत असे. जाहिरातदाराला कोण प्रश्न विचारणार? त्याच्या लेखी श्रोता म्हणजे गिऱ्हाईक, आणि ज्याच्या खिशात पैसा नाही तो श्रोताच नव्हे. खासगी केंद्रे प्रथम महानगरांत गेली, मग जिल्ह्याच्या ठिकाणी. सातपुड्याच्या पाड्यांपर्यंत येण्याचे त्यांना कारणच नव्हते.

या व्यवहाराचा चटका खुद्द मराठीलाही बसला. मुंबईतील खासगी एफएम केंद्रे मराठी गाणी वाजवत नाहीत, कारण मराठी गाण्यांनी केंद्राचा दर्जा घसरतो असे तेथे मानले जाते, हा अनुभव संगीतकार कौशल इनामदार यांना आला. त्या सलातून त्यांनी शेकडो गायकांच्या आवाजात मराठी अभिमानगीत सिद्ध केले आणि २७ फेब्रुवारी २०१० रोजी ते प्रसिद्ध झाले. त्या वेळी महाराष्ट्रभर संताप व्यक्त झाला. महाराष्ट्राच्या राजधानीत मराठी गाणे कमी दर्जाचे कसे, हा प्रश्न रास्तच होता. तो विचारणाऱ्यांत मीही होतो.

परंतु तोच प्रश्न कळसाडीच्या ओसरीवर बसून विचारून पाहा. तेथे तो आपल्यावरच उलटतो. मुंबईत मराठीला जी वागणूक मिळाली, तीच वागणूक मराठीने नंदुरबारमध्ये भिलीला, पावरीला, मावचीला, अगदी अहिराणीलाही दिली नाही काय? तेथे हिंदी 'वरची' आणि मराठी 'खालची'. येथे मराठी 'वरची' आणि भिली 'खालची'. पायरी बदलली, जिना तोच राहिला. वसईतील वाचकांना हे अधिक सांगायला नको. सामवेदी आणि वाडवळी बोलींतील लग्नगीते 'गावंढळ' म्हणून मांडवातून हद्दपार होत असताना आपण काय केले, आणि आज ती गोळा करण्यासाठी म्हाताऱ्या बायकांच्या दारी का जावे लागते, याचा त्यांनी स्वतःशीच विचार करावा.

तिसरी पिढी मोबाईलची. तिच्यावर तर सर्वांचाच राग. पण या 'बिघडलेल्या' पिढीने काय केले ते आधी पाहू. ज्या अहिराणीला प्रमाण मराठीच्या दरबारात केवळ विनोदापुरती जागा होती, त्या अहिराणीतील गाणी खानदेशातील तरुणांनी स्वतः लिहिली, स्वतः गायली, स्वतः चित्रित केली आणि यूट्यूबवर ती कोट्यवधी वेळा पाहिली गेली. गुजरात, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेवरील आदिवासी पट्ट्यात टिमलीची गाणी याच मार्गाने घरोघर पोहोचली. त्यांत उथळपणा नाही असे नाही. ढोलाच्या जागी यंत्राचा ठोका आला आहे, शब्द पुष्कळदा सवंग असतात, लग्नाच्या वरातीत त्यांचा आवाज छाती हादरवतो. हे सर्व मान्य. तरीसुद्धा आकाशवाणीच्या अनेक दशकांत जे कळसाडीच्या आजोबांच्या स्वप्नातही आले नाही, ते त्यांच्या नातवंडांनी करून दाखवले: आपल्या भाषेतले गाणे यंत्रातून ऐकू आले. ज्याने ही दारे आतून उघडली, त्याच्या चपला चिखलाच्या आहेत म्हणून आपण त्याला हाकलणार आहोत काय?

माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो मी लपवत नाही. मोबाईलनेही निवड तरुणांच्या हाती दिलेली नाही; तसा भास मात्र दिला आहे. पुढचे गाणे कोणते, हे कंपनीचे गणित ठरवते, आणि ते गणित एवढेच पाहते की मनुष्य पडद्यापासून उठू नये. मंत्री गेला, जाहिरातदार आला. आता जाहिरातदाराचा अदृश्य मुनीम आला. शिवाय ऐकणे एकट्याचे झाले. एका खोलीत चार माणसे, चार कानांत चार गाणी. आजी काय गुणगुणते ते नातीला ऐकू येत नाही, आणि नात काय ऐकते ते आजीला कळत नाही. खरी हानी येथे झाली आहे. ती भरून काढायची असेल तर तरुणांना दोष देऊन भागणार नाही. एकत्र ऐकण्याची आणि एकत्र गाण्याची जागा कोणीतरी निर्माण करावी लागेल.

अशी जागा आपल्याकडे आहे. प्रत्येक रविवारी लहानथोर जेथे एकत्र येतात आणि सर्वांनी गावे अशी जेथे अपेक्षा असते, असे ठिकाण या देशात फारसे उरलेले नाही. चर्च हे त्यांपैकी एक. ४ डिसेंबर १९६३ या एकाच दिवशी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचे पहिले दोन दस्तऐवज प्रसृत झाले. एक पवित्र उपासनेविषयी, दुसरा समाजसंपर्काच्या साधनांविषयी. पहिल्याने सांगितले की लोकांचे धार्मिक गायन जोपासावे, आणि ज्या लोकसमूहांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य मान द्यावा. दुसऱ्याने सांगितले की नभोवाणीसारखी साधने श्रद्धावंतांनी समजून घेऊन सत्कार्यासाठी वापरावीत. हे दोन उपदेश एकाच दिवशी निघाले, पण आपल्या धर्मग्रामांत त्यांची गाठ कधी पडली नाही.

आपण काय केले? मराठी उपासनागीते आणली, हे मोठे पाऊल होते. त्यासाठी झटलेल्या धर्मगुरूंचे आणि प्रापंचिकांचे ऋण आपल्यावर आहे. परंतु ती मराठी पुण्या-मुंबईची आणि वसईची. सातपुड्याच्या पायथ्याशी ती गीते तशीच्या तशी पोहोचली आणि तेथील माणूस पुन्हा एकदा श्रोता झाला. माझ्या पाहण्यातल्या एका धर्मग्रामात भिली गीत होते ते केवळ पाहुण्यांच्या स्वागतापुरते, डोक्याला फेटा आणि हातात ढोल देऊन. पाहुणे स्थानापन्न झाले की ढोल बाहेर जाई आणि उपासना 'खऱ्या' भाषेत सुरू होई. अलीकडे तर काही ठिकाणी आयता संगीतपट लावून त्यावर दोन-चार गळे गातात आणि उरलेली मंडळी मुकाट ऐकतात. केसकरांना आणि एफएमवाल्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपण कुठल्या तोंडाने सांगणार?

गाण्यात केवढे बळ असते हे याच मातीने दाखवून दिले आहे. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथे गुलाम महाराज यांच्या 'आप' चळवळीत हजारो आदिवासी एकत्र येऊन आरती म्हणत, दारू सोडत आणि एकमेकांना आदराने संबोधत. त्यांना कोणी गाणे ऐकवले नव्हते. ते स्वतः गात होते. आपल्या परंपरेतही हे आहेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघाले. इंग्लंडहून आलेल्या त्या जेज्वीट धर्मगुरूने ख्रिस्तकथा सांगण्यासाठी युरोपातले छंद आणले नाहीत. लोकांच्या ओठी असलेली ओवी उचलली. चारशे वर्षांपूर्वीचा परदेशी पाहुणा जे करू शकला, ते आपल्याला आपल्याच शेजाऱ्याच्या बाबतीत अवघड का वाटावे?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मुलांनी शिकून पुढे जायचे तर प्रमाण मराठीच हवी. बोलीचे कौतुक करून आपण त्यांना मागे ठेवू. मुलांना मराठी यावी, इंग्रजीही यावी, यात दुमत नाही. पण आपल्या आईच्या भाषेची लाज वाटणे ही शिक्षणाची पूर्वअट आहे काय? दुसरा आक्षेप असा की, होळीची किंवा कणसरीची गाणी अन्य श्रद्धांशी जोडलेली आहेत. ती उपासनेत कशी चालतील? सर्वच गाणी मिस्सात आणा असे मी म्हणत नाही; तो विवेक बिशपांनी आणि समाजाने मिळून करायचा आहे. परंतु पेरणीचे गाणे, अंगाई, लेकीची पाठवणी, मयताच्या दारचा विलाप यांत अडचण कोणती? चाल, ताल आणि भाषा लोकांची असली आणि शब्द शुभवर्तमानाचे असले, तर त्याला ओवीचा चारशे वर्षांचा आधार आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो, कारण केवळ दोषारोप करून थांबणे हा तक्रारखोर वडीलधाऱ्यांचाच मार्ग झाला असता. २००६ पासून केंद्र सरकारच्या धोरणानुसार सेवाभावी संस्थांना आणि शिक्षणसंस्थांना सामुदायिक नभोवाणी केंद्र चालवता येते. शंभर वॅटच्या या केंद्राचा आवाज काही किलोमीटरपर्यंतच पोहोचतो. मात्र निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी त्याची अट आहे. २००८ मध्ये तेलंगणातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी 'संघम रेडिओ' सुरू केला. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातील म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाले. २०१० मध्ये छत्तीसगडमध्ये 'सीजीनेट स्वरा'ने तर साध्या फोनवरून गोंडी माणसाला आपला आवाज नोंदवण्याची सोय करून दिली. आपल्या संस्थांकडे शाळा आहेत, वसतिगृहे आहेत, इमारती आहेत. सभागृहाच्या फरशीसाठी वर्गणी गोळा होते; एका लहानशा केंद्रासाठी का होऊ नये? हे केंद्र धर्मप्रचाराचे नसावे, हेही स्पष्ट सांगतो. तेथे भिलीत पावसाचा अंदाज सांगावा, कुपोषणाविषयी बोलावे, सिकलसेलविषयी बोलावे आणि मधल्या वेळात लोकांनी गावे. शेजाऱ्याचा आवाज शेजाऱ्यापर्यंत पोहोचवणे, एवढे शुभवर्तमान त्यात पुरेसे आहे.

केंद्र निघेपर्यंतही हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या तरुणांना एकच काम द्यावे: आपापल्या घरातील वृद्धांची गाणी, त्यांचा अर्थ आणि गाण्याचा प्रसंग नोंदवून ठेवणे. आणि दर रविवारी निदान एक गीत त्या गावच्या भाषेत, आयत्या संगीतपटाशिवाय, सर्वांनी मिळून म्हणावे.

कळसाडीहून निघताना आजोबा नातीच्या मोबाईलवर रागावले होते. दिवसभर त्यात टिमलीचा धिंगाणा चालतो, असे त्यांचे म्हणणे. तिने काही न बोलता यंत्र माझ्या पुढ्यात धरले. टिमलीच्या पाचपंचवीस गाण्यांखाली एक नोंद होती, कुठल्याशा लग्नात केलेली. तीत तिची आजी गात होती. मागे भांड्यांचा आवाज, एका लेकराचे रडणे. आजोबांनी ते कधी ऐकले नव्हते. त्यांनी हात पुढे केला, पुन्हा लाव म्हणाले, आणि ओसरीवर शेजारची दोन माणसे येऊन बसली.